टिकत नाही? बरंच आहे!

परफ्यूम घ्यायला गेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘टिकतो का?’ काउंटरवरच्या दादाला हेच विचारतो, मैत्रिणीने नवी बाटली दाखवली की तिलाही हेच. वास कसा आहे, आपल्याला आवडला का, हे सगळं नंतर. चप्पल घेताना विचारावं तसं आपण परफ्यूमबद्दल विचारतो आणि समोरचाही चप्पलवाल्याच्या थाटात सांगतो, ‘अहो ताई, रात्रीपर्यंत हलणार नाही!’

मीसुद्धा हा प्रश्न बरीच वर्षं विचारला. आता बंद केलाय. रोज कॉलेजला वापरता येईल असा, खिशाला परवडणारा, लिंबू-संत्र्याच्या सालीसारखा ताजा आणि त्यात मोगऱ्या-जाईची झाक असलेला हलका परफ्यूम मला आवडतो. बाटलीवर त्याला ‘सिट्रस फ्लोरल’ म्हणतात. तो दोन-तीन तासांत उडतो. उडू दे. उडून जाणं हा त्याचा दोष नाहीच, असं माझं स्पष्ट मत आहे. तो उडू नये म्हणून आपण जे काही उद्योग करतो, त्यात आपलेच पैसे जातात, आपलंच नाक फसतं आणि शेजारच्याचा जीव गुदमरतो. हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, लोकलने शिकवलं.

‘ट्रेन आली वाटतं’

एफवायला असताना मी टिटवाळ्याहून दक्षिण मुंबईत यायचे. घरापासून वर्गापर्यंत दोन तास. सेंट्रलवरून येणाऱ्या आम्ही चार-पाचजणी पहिल्या लेक्चरला एकदमच आत शिरायचो. गर्दीत चेपून, जिना धावत चढून, घामाने निथळत. ऑक्टोबरचे दिवस होते, वर्गात एसी, दारं-खिडक्या बंद. एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, ‘ट्रेन आली वाटतं.’ आणि नाकापुढे हात हलवला. दोन-चार जण हसले. लेक्चर सुरू झालं.

बोलणारा कदाचित विसरलाही असेल. मी नाही विसरले. त्या दिवशी मी हात शरीराला चिकटवूनच बसले होते. सरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत असूनही हात वर केला नाही.

त्याच आठवड्यात स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरून एक बाटली घेतली. अडीचशे रुपये. वर सोनेरी अक्षरांत ‘२४ अवर्स’. सकाळी निघताना सहा-सात फवारे, उतरल्यावर पुलावर आणखी चार. गंमत म्हणजे मला स्वतःला वीसेक मिनिटांनी काही वासच यायचा नाही. वाटायचं, उडाला. की पुन्हा फुसफुस.

एका सकाळी लेडीज डब्यात शिरले आणि शेजारी उभ्या असलेल्या काकूंना खोकला सुरू झाला. थांबेचना. त्यांनी पर्समधून पंप काढला, दोनदा ओढला. मी घाबरून विचारलं, ‘काकू, पाणी देऊ का?’ त्या म्हणाल्या, ‘पाणी नको बाळा. तू जरा दाराकडे उभी राहतेस का? मला सेंट सोसत नाही.’

रागावल्या नाहीत, टोमणा मारला नाही. पण मी दाराशी जाऊन उभी राहिले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. वर्गात घामाची लाज, डब्यात सेंटची. दोन्हीकडे बाजूला व्हायचं ते मीच. त्या रात्री मी पहिल्यांदा नीट वाचायला बसले, की हे परफ्यूम नावाचं प्रकरण नक्की चालतं कसं.

थकतं ते नाक

पहिली गोष्ट कळली ती नाकाबद्दल. एकच वास सतत येत राहिला की आपलं नाक आणि मेंदू त्याची दखल घेणं कमी करतात. म्हणून दुसऱ्याच्या घरात शिरताना तिथला वेगळा वास जाणवतो, आपल्या घराचा जाणवत नाही. म्हणूनच मासळी बाजारात पाच मिनिटांनी आपण निवांतपणे पापलेटचा भाव करत असतो.

परफ्यूमचंही तेच. तो आपल्याला यायचा थांबतो तेव्हा अनेकदा तो तसाच असतो, फक्त आपल्या नाकाने त्याला हजेरीपटावरून वगळलेलं असतं. शेजारणीला मात्र तो पूर्ण येत असतो. ‘मला येत नाही, म्हणजे उडाला’ या समजुतीने जो दुसरा हप्ता मारला जातो, तो निव्वळ लोकांच्या डोक्यात जातो. लोकल असो, पीएमपी असो की लाल परी; आपण एकमेकांच्या इतक्या जवळ उभे असतो, की माझा परफ्यूम हा फक्त माझा कधीच नसतो. दमा असलेल्यांना, मायग्रेनवाल्यांना तीव्र वासाने खरोखर त्रास होतो. ते नखरे नसतात.

संत्र्याची साल आठवते?

दुसरी गोष्ट कळली ती सिट्रसबद्दल. लहानपणी संत्र्याची साल शेजाऱ्याच्या डोळ्यांपुढे पिळायचा चावटपणा सगळ्यांनी केलाय. सालीतून जी बारीक चिळकांडी उडते ना, तेच ते तेल. परफ्यूममध्ये लिंबू-संत्र्याचा जो वास असतो तो रसाचा नसतो, सालीतल्या या तेलाचा असतो. साल दाबून ते काढतात. संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांच्याही वर एकच पदार्थ असतो, लिमोनिन. त्याचा रेणू छोटा आणि हलका, त्यामुळे तो झटकन हवेत जातो. हिवाळ्यात वर्गात कोणी डब्यातलं संत्रं सोललं की शेवटच्या बाकापर्यंत बातमी पोहोचायची आणि दहा मिनिटांत काही झालंच नाही असं व्हायचं. ती सगळी लिमोनिनची कृपा.

परफ्यूमवाले वासाचे तीन थर सांगतात. फवारल्या फवारल्या येतो तो वरचा थर, त्यात लिंबू, संत्रं, बर्गमॉट. पंधरा-वीस मिनिटांनी मधला थर उघडतो, त्यात बहुतेक वेळा फुलं. शेवटी तळाशी उरतात जड, चिवट वास. चंदन, कस्तुरीसारखे मस्क, व्हॅनिला. म्हणजे सिट्रस फ्लोरल हा मुळातच वरच्या आणि मधल्या मजल्यावर राहणारा प्रकार आहे. त्याला ‘बारा तास टिक’ म्हणणं म्हणजे लिंबू सरबताला रात्रभर गार राहा म्हणण्यासारखं आहे.

मग बाटलीवर ‘लाँग लास्टिंग’ कसं लिहितात? सोपं आहे. तळाचा थर भरपूर ओततात. सकाळी लिंबू-मोगरा म्हणून लावलेली गोष्ट दुपारी बारा वाजता गोड केकसारखी यायला लागते. अनेक स्वस्त परफ्यूमचा शेवट एकसारखाच गोडमिट्ट का होतो, त्याचं हे एक कारण. आपण ‘टिकतो का’ विचारत राहिलो, त्यांनी टिकणारं काहीतरी विकलं. आपल्याला जो वास आवडला होता तो मात्र पहिल्या तासातच गेला!

उडून जाण्याची ही गोष्ट आपल्या घरात नवीन नाही. लहानपणी ताप आला की आजी कपाळावर कोलन वॉटरच्या पट्ट्या ठेवायची. ते कोलन वॉटर म्हणजे मूळचं ओ द कोलोन. जर्मनीतल्या कोलोन शहरात योहान मारिया फारिना नावाच्या इटालियन माणसाने १७०९ च्या सुमारास ते प्रसिद्ध केलं. बर्गमॉट, लिंबू, संत्रं आणि संत्र्याची फुलं, असा त्याचा थाट. आपलं अत्तर पावसानंतरच्या इटलीतल्या वसंताच्या सकाळीची आठवण करून देतं, असं त्याने भावाला कळवलं होतं. आजच्या सिट्रस फ्लोरलची ही पणजीच. आणि आजीच्या पट्टीने कपाळ गार पडायचं ते कशामुळे? त्यातलं अल्कोहोल उडून जायचं म्हणून. उडणं हेच त्याचं काम होतं.

स्वस्त म्हणजे हलकं नव्हे

‘पण स्वस्तातला परफ्यूम म्हणजे नुसतं केमिकल’ असं म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. महागातलं काय असतं?

सिट्रस तेल स्वस्त असण्याला साधं कारण आहे. जगभर संत्र्याच्या रसाचा प्रचंड मोठा उद्योग आहे आणि रस काढल्यावर साल उरतेच. तिच्यापासून तेल काढलं जातं. म्हणजे संत्र्याचं तेल हे जोडउत्पादन आहे, त्यासाठी वेगळी बाग लावावी लागत नाही. फुलांचं उलट आहे. मोगरा पहाटे हाताने वेचावा लागतो, किलोभर कळ्यांतून जेमतेम चिमूटभर अर्क मिळतो. तमिळनाडूत पिकणाऱ्या मोगऱ्याचा अर्क थेट परदेशी परफ्यूम कंपन्यांपर्यंत जातो, तो चारशे रुपयांच्या बाटलीत पडणं शक्यच नाही. तिथे काम येतात प्रयोगशाळेत तयार झालेले पदार्थ.

त्यातलं एक नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे, हेडियोन. जाईसारखा, पण हवेशीर आणि किंचित लिंबाकडे झुकणारा वास. १९६६ मध्ये दिऑरच्या ‘ओ सोवाज’ या परफ्यूममध्ये एदमों रुदनित्स्का या परफ्यूमरने तो वापरला आणि पुढे सगळ्या जगाने उचलला. आज महागड्या बाटलीतही हेडियोन असतं आणि परवडणाऱ्या बाटलीतही. अर्थात दोन्हींत फरक असतो. महागात मिश्रण जास्त विचार करून केलेलं असू शकतं, खरा अर्क थोडा जास्त असू शकतो. पण किमतीतला मोठा वाटा काचेची बाटली, डबा, नटीचा चेहरा आणि मॉलमधलं भाडं यांचा असतो. म्हणूनच माझा सल्ला असा, की कमी पैशांत परफ्यूम घ्यायचा असेल तर सिट्रस फ्लोरलच घ्या. स्वस्तातला ऊद किंवा चंदन बहुधा फसवतं, कारण मूळ मालच महाग. लिंबू-मोगरा स्वस्तातही बरा जमतो.

‘फॉर हर’ म्हणजे कोणासाठी?

आता जरा बाटलीवरच्या ‘फॉर विमेन’कडे वळू. फिकट गुलाबी रंग, फुलाचं चित्र, वळणदार अक्षरं. फुलं आणि लिंबू म्हणजे बायकांचं, असं आपल्याला वाटतं ना? मघाशी सांगितलेला ‘ओ सोवाज’, ज्यात लिंबूही होतं आणि जाईसारखं हेडियोनही, तो पुरुषांसाठी म्हणून बाजारात आला होता. मूळचं ओ द कोलोन नेपोलियन मुबलक वापरायचा. १९९४ मध्ये कॅल्विन क्लाइनने ‘सीके वन’ आणला, तोही सिट्रस आणि फुलांचाच. तो मुला-मुलींनी दोघांनी वापरावा असं त्यांनी उघड सांगितलं आणि तो तुफान चालला.

आणि इतकं लांब कशाला? आपल्याकडे लग्नात पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावायचे, गुलाबपाणी शिंपडायचे, तेव्हा ‘हे बायकांचं, हे पुरुषांचं’ कोण बघायचं? हिना, केवडा, मोगऱ्याचा फाया कानात ठेवणारे तर आजोबाच असायचे. दिवाळीच्या पहाटे उटण्यातला वाळा, नागरमोथा, संत्र्याची वाळलेली साल घरातल्या सगळ्यांच्याच अंगाला लागते. वासाला लिंग नसतं, लेबलला असतं. त्यामुळे माझ्या वर्गातल्या मित्रांनो, बहिणीची बाटली चोरून वापरू नका. सरळ मागा. आणि मैत्रिणींनो, एकाच कंपनीची ‘हिम’ आणि ‘हर’ बाटली दिसली की दोन्हींची मिलीला किंमत काढून बघा. दोन मिनिटांचं गणित आहे.

भीती विकली जाते

खरा मुद्दा मात्र इथून पुढे आहे. आपल्याला परफ्यूम टिकायला का हवा असतो? आनंदासाठी म्हणाल, तर तो पहिल्या श्वासातच मिळतो. तासन्‌तास टिकायला हवा असतो तो भीतीपोटी. आपला वास येईल, कोणीतरी नाक मुरडेल, ही ती भीती.

जाहिराती याच भीतीवर चालतात. अमुक लावलं नाही तर लिफ्टमधले लोक दूर सरकतात, लावलं की मुलगा वळून बघतो. मुलांच्या डिओच्या जाहिरातींत तर मुली बेशुद्ध व्हायच्याच बाकी असतात. या प्रकाराने इतकी पातळी सोडली, की २०११ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाला डिओच्या जाहिरातींबाबत जाहिरात मानक परिषदेला लिहावं लागलं. २०२२ मध्ये एका बॉडी स्प्रेच्या जाहिराती सामूहिक बलात्कारावर विनोद केल्यासारख्या होत्या. लोक चिडले आणि मंत्रालयाने त्या ट्विटर-यूट्यूबवरून हटवायला लावल्या. मुलींसाठीच्या जाहिराती इतक्या भडक नसतात, पण त्यांतही परफ्यूमची परीक्षा घेणारं नाक बहुतेक वेळा दुसऱ्याचंच असतं. तिला स्वतःला तो वास आवडला का, हे कोणी विचारतच नाही.

आणि घामाचं म्हणाल, तर ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. काखेतल्या घामावर त्वचेवरचे जीवाणू काम करतात, तेव्हा वास तयार होतो. त्यावर परफ्यूम मारला तर घामाचा वास जात नाही, दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी तयार होतं. त्याचा इलाज परफ्यूममध्ये नाहीच. आंघोळ, सुती कपडे, बॅगेत एक जास्तीचा टॉप, आजीची तुरटी किंवा साधा रोल-ऑन, एवढं पुरतं. घामासाठी परफ्यूम घ्यायचा नाही, हे एकदा पक्कं केलं की ‘२४ अवर्स’ची गरजच संपते. मग परफ्यूम उरतो फक्त आवडीचा.

एक गोष्ट आपणही कबूल करू. ‘वास येतो’ हे वाक्य आपण सगळ्यांना सारखं लावत नाही. एसी गाडीतून येणाऱ्याला ते सहसा ऐकावं लागत नाही. दोन तास उभं राहून येणारीला, हॉस्टेलवर एका बादलीत कपडे धुणाऱ्याला, डब्यात सुकट आणणारीला, केसांना खोबरेल लावणारीला ऐकावं लागतं. त्यामुळे कोणाला कसला वास येतो आणि कोणाला तो खुपतो, यात पैसा असतो, जातही असते. बाटलीभर परफ्यूमने हे सुटणार नाही. ‘ट्रेन आली वाटतं’चं उत्तर माझ्या बॅगेत शोधण्यात मी वर्ष घालवलं, पण बदलायचं होतं ते मागच्या बाकाने.

तीन रुपये वीस पैसे

‘पण दोन तासांत उडणाऱ्या गोष्टीवर पैसे घालवायचे?’ असं आई विचारते. बरोबर आहे तिचं. म्हणून मी हिशेब केला. पन्नास मिलीच्या बाटलीतून साधारण पाचशे फवारे निघतात. बाटली चारशे रुपयांची धरली तर एक फवारा ८० पैशांचा. दिवसाला चार फवारे, म्हणजे तीन रुपये वीस पैसे. बाटली चार महिने जाते. कॉलेजबाहेरचा कटिंग चहा यापेक्षा महाग आहे आणि तो तर दोन मिनिटांत संपतो. त्याला कोणी ‘टिकतो का’ विचारलंय?

तेवढेही पैसे नसतील तर दहा-वीस मिलीची बाटली घ्या, किंवा तिघींनी मिळून एक मोठी घेऊन छोट्या स्प्रे बाटल्यांत वाटून घ्या. आमच्याकडे अशी भिशी चालते.

घेताना तीन-चार गोष्टी बघा. लेबलवरच्या ‘ओ द त्वालेत’ला घाबरू नका, माझ्या एका मैत्रिणीने ते ‘टॉयलेट’ वाचून बाटली परत ठेवली होती. त्याचा अर्थ नटण्या-सजण्याशी संबंधित आहे. त्यात सुगंधी अर्क साधारण ५ ते १५ टक्के असतो, ‘ओ द पार्फम’मध्ये त्याहून जास्त आणि बॉडी मिस्टमध्ये अगदी थोडा. रोजच्यासाठी त्वालेत छान. दुकानात कागदाच्या पट्टीवर वास घेऊन लगेच बिल करू नका. मनगटावर मारा, बाहेर चक्कर मारून या, अर्ध्या तासाने पुन्हा हुंगा. तो वास आपला. एका वेळी तीनपेक्षा जास्त हुंगू नका, नाक गोंधळतं.

उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, मुदत, एमआरपी नसलेली बाटली कितीही सोनेरी असली तरी घेऊ नका, माझ्यावरून शिका. बर्गमॉटच्या तेलातल्या एका घटकामुळे उन्हात त्वचेवर डाग पडू शकतात. चांगले उत्पादक तो काढून टाकतात, पण स्टॉलवरच्या बाटलीची खात्री कोण देणार? त्यापेक्षा ओढणीच्या किंवा शर्टच्या आतल्या बाजूला मारा, कपड्यावर वास जरा जास्त राहतोही. पांढऱ्या आणि रेशमी कपड्यांवर मात्र नको, डाग पडतात. आणि बाटली स्कूटीच्या डिकीत किंवा खिडकीत ठेवू नका. उन्हाने सिट्रस सगळ्यात आधी बिघडतं.

गजऱ्याला कोणी विचारतं का?

दादर स्टेशनबाहेर गजरे विकणाऱ्या मावशी बसतात. उन्हाळ्यात मोगरा आला की संध्याकाळी घरी परतणाऱ्या बायका थांबून गजरा घेतात, केसांत माळतात आणि गाडी पकडतात. डब्यात त्या बाजूला जरा बरं वाटतं. सकाळी तो गजरा तपकिरी होऊन गळतो, हे घेणारीला माहीत असतं. पण आजवर मी एकाही बाईला ‘मावशी, चोवीस तास टिकेल ना?’ असं विचारताना ऐकलेलं नाही. ती घरी पोहोचेपर्यंतच्या तासाभरासाठी गजरा घेते. दिवसभर ऑफिसात खर्डेघाशी केल्यावर हा तास तिचा असतो.

मी आता परफ्यूमकडे तसंच बघते. लिंबू-मोगऱ्याची वीस मिलीची बाटली बॅगेत असते. घरून निघताना लावत नाही, गाडीत तर बिलकुल नाही. कॉलेजला पोहोचले की तोंड धुते, टॉप बदलायचा असेल तर बदलते आणि मोकळ्या गॅलरीत उभं राहून ओढणीवर दोन फवारे. पहिली पाच मिनिटं नुसतं संत्रं सोलल्यासारखं वाटतं. मग हळूच मोगरा येतो. दुसऱ्या लेक्चरपर्यंत तोही जातो. तोवर मी दिवसाला लागलेली असते.

परवा एका एफवायच्या मुलीने विचारलं, ‘ताई, कुठला लावलायस? मस्त आहे.’ मी बाटली दाखवली. लगेच पुढचा प्रश्न आला, ‘टिकतो का?’

‘नाही,’ म्हटलं. ‘लावून बघ.’

तिने लावला, डोळे मिटून वास घेतला आणि हसली. कर्जतहून येते ती. धावत जिना चढून आली होती, कपाळावर घाम तसाच होता. आम्ही दोघी वर्गाकडे निघालो. वाचणाऱ्यांपैकी कोणी मागच्या बाकावर बसत असेल, तर एवढंच सांगणं आहे. उद्या दारातून कोणी अशी घामाघूम आत आली, तर नाकापुढे हात हलवू नका. जरा सरका आणि तिला एसीखालची जागा द्या.